नानांनी उघडून ठेवलेला मिक्सर

त्या शनिवारी सकाळी अरुंधतीने पन्हं केलं. कॉलेजच्या ग्रंथालयाला सुट्टी लागली म्हणून ती आदल्या संध्याकाळी संभाजीनगरहून जालन्याला आली होती. स्टँडवरून घरी येताना वडिलांनी, नानांनी, स्कूटरवरच बजावून ठेवलं होतं, "कैऱ्या आणून ठेवल्यात. उकडायचं तुझ्या आईला सांगितलंय. पुढचं तुझ्याकडं."

मिक्सरच्या मोठ्या भांड्यात तिच्या भावजयीने, गंधालीने, इडलीचं पीठ वाटून तसंच ठेवलं होतं. अरुंधतीने ते रिकामं करायचा कंटाळा केला आणि चटणीचं छोटं भांडं घेतलं. त्याच्या बुडाचा बुश सैल होऊन ते गळायचं. त्यात पातळ काही फिरवायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. तिलाही माहीत होतं. दोनदाच तर फिरवायचंय, असं मनाशी म्हणून तिने कैरीचा गर, गूळ आणि पाणी घातलं आणि बटण दाबलं.

भांडं उचललं तर खाली गुळाचं पाणी साचलेलं. तिने फडक्याने ते टिपून घेतलं, बटणं पुसली, फडकं धुऊन वाळत घातलं. आत मोटारीत किती उतरलं ते दिसत नव्हतं. दिसत नव्हतं, म्हणून तिने तो विचार सोडून दिला.

नानांनी दोन ग्लास पन्हं घेतलं. "वेलदोडा जास्त झाला," म्हणाले आणि तिसरा ग्लास पुढे केला.

अकराच्या सुमाराला गंधालीने चटणीसाठी मिक्सर लावला. घर्र असा जड आवाज आला, खाली निळी ठिणगी उडाली आणि जळका वास सुटला.

"काय केलंस गं?" आई देवघरातून म्हणाली.

"काही न्हाई हो आई, नुसतं बटण दाबलं."

अरुंधतीच्या हातात तोवर मोबाइल आला होता. "नाना, मी नवीनच मागवते. परवा घरपोच येईल. पंधरा वर्षं झाली याला, टाकून द्या आता."

नानांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "उघडल्याबिगर कसं टाकायचं?"

बियाण्यांच्या कंपनीत, प्रतवारीच्या मशीनवर, त्यांनी एकतीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढली होती. निवृत्तीनंतर घरातला पंखा, इस्त्री, मिक्सर हीच त्यांची कंपनी. गॅलरीत जुना पेपर अंथरला, स्क्रू ठेवायला वाटी घेतली आणि मिक्सर उलटा करून ते बसले. दहाएक मिनिटांनी आत वळून म्हणाले, "मोटारीतले कार्बन झिजून संपलेत. मशीन जुनं झालं. कुणाचा काई दोष न्हाई."

दोषाचं कुणी विचारलं नव्हतं.

"आणतो जाऊन," म्हणत त्यांनी शर्ट चढवला. साडेबारा वाजत होते. बाहेर रस्ता पांढरा पडला होता.

"उन्हाचं कुठं निघालात?" आई म्हणाली. "संध्याकाळी जा."

"रशीद आज दुपारूनच दुकान बंद करून भोकरदनला चालला. भाचीचं लग्न हाये. मंग चार दिवस बसा पाट्यावर वाटत."

पूल ओलांडून नवीन जालन्यात जाऊन यायला त्यांना दोन तास लागले. परत आले तेव्हा चेहरा लाल झाला होता. खिशातून कार्बनची पुडी काढून त्यांनी वाटीशेजारी ठेवली आणि पंख्याखाली आडवे झाले. संध्याकाळी थोडा वेळ कापूस घेऊन मिक्सरपाशी बसले, मग उठले. "बाकीचं उद्या," म्हणाले. स्क्रूच्या वाटीवर ताटली झाकली. रात्री ताक-भात जेवले. अरुंधतीला विचारलं, कॉलेजात पोरं पुस्तकं नेतात का अजून, का नुसती पंख्याखाली येऊन बसतात. ती म्हणाली, नुसती बसतात. ते हसले.

रविवारी सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, पहाटे. हृदय.

*

बाराव्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात चौघी लसूण सोलत बसल्या होत्या. आई, हसनाबादची आत्या, अरुंधती आणि दाराशी गंधाली. उद्या तेरावा. साठ माणसांचं जेवण आचाऱ्याकडे दिलं होतं. पण नानांच्या नैवेद्याचं ताट या घरात सुनेने रांधायचं आणि सुनेनेच बाहेर आणायचं, अशी रीत होती. आईने सासऱ्यांचं रांधलं होतं, तिच्या सासूने आपल्या सासऱ्यांचं. गंधालीने वरण, भात, दोन भाज्या, पुरण, कढी असं सगळं मनात लावून ठेवलं होतं. नानांना आवडायची ती कारळ्याची चटणीही.

"वहिनी, एक बोलू का? राग नका धरू," आत्या म्हणाली. राग येईल असं बोलायच्या आधी ती नेहमी हेच म्हणायची. "दादाला त्या दिवशी उन्हात जायची गरज काय होती? मिक्सर जळला म्हणून गेला नं तो?"

आईने लसणाची पुढची पाकळी उचलली.

"डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं होतं आत्या," अरुंधती म्हणाली. "उन्हाचा संबंध नाही."

"डॉक्टर मेल्यावर आला. मी त्याला माझ्या जल्मापासून वळखत होते." आत्याने लसणाची साल फुंकून उडवली. "माझ्या घरी तीन मिक्सर झाले. एक बी सुनेच्या हातून जळला न्हाई."

"कसा जळंल?" आई म्हणाली. "तुम्ही तिला हात तरी लावू देता का?"

"म्हणून तर न्हाई जळला!"

क्षणभर सगळ्याच हसल्या. गंधालीही हसली. आत्या तशी वाईट नव्हती. बारा दिवस तीच पहाटे उठून सगळ्यांचा चहा करत होती. भावाचं जाणं तिला कुठेतरी टेकवायचं होतं, आणि टेकवायला गंधाली जवळ होती, एवढंच. पहिल्या दिवशी ती नुसतं "मिक्सरपायी" म्हणाली होती. पाचव्या दिवशी "सुनेनं मिक्सर जाळला" म्हणाली. दहाव्याला नदीवरून परत आलेल्या बायकांना तिने ते सविस्तर सांगितलं, आणि आईने तेव्हा तिला थांबवलं नाही.

हसणं ओसरलं. आई लसणाकडेच बघत म्हणाली, "उद्याचं ताट अरू करील."

अरुंधतीच्या हातातली पाकळी अर्धी सोललेली राहिली. "बघू," ती म्हणाली.

गंधालीने तो शब्द ऐकला. बघू. नाही असं नाही, हो असंही नाही. उद्या अंबडहून तिचे आई-वडील येणार होते. वडील तिथल्या कोर्टात कारकून होते. कोण कुठे उभं आहे यावरून काय चाललंय ते ओळखण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. स्वयंपाकघरातून ताट घेऊन कोण बाहेर येतं ते त्यांना दिसणार होतं, आणि मग जाताना ते काहीच विचारणार नव्हते. तेच तिला नको होतं.

त्या शनिवारी तिने बटण दाबलं तेव्हा ते बोटाला चिकटलं होतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सकाळी पन्हं कुणी केलं, कशात केलं, छोटं भांडं विसळून कुणी पालथं घातलं, हे सगळं तिला ठाऊक होतं. पण वडील गेलेल्या मुलीकडे बोट कसं दाखवायचं? आणि सुनेने दाखवलं तर ते कुणाला खरं वाटणार? ताईंना स्वतःला माहीत आहे, असं ती रोज मनाशी म्हणत होती. आज सांगतील. उद्या सांगतील. दोन वर्षांपूर्वी याच ताईंनी तिला बी.एड.ला बसवण्यासाठी आईंशी भांडण केलं होतं. तिने आत्तापर्यंत त्या भांडणावर भरवसा ठेवला होता.

बाहेर स्कूटर थांबली. मुकुल, गंधालीचा नवरा, खोकं घेऊन आत आला.

"हे काय?" आई म्हणाली.

"नवीन मिक्सर. उद्या लागंल म्हणून आणला."

"आधी तो नीट कर."

"आई, मला कुठं येतं ते?"

"तुझ्या वडलांनी मशीन उघडं टाकून कधी रात्र काढली न्हाई. बारा रात्री झाल्या, ते तसंच पडून राह्यलं. तेराव्याच्या आत बंद झालं पायजे."

"भंगारात द्या की वहिनी," आत्या म्हणाली. "दादा गेला, आता—"

"वन्सं, तुम्ही लसूण सोला."

*

मुकुलने आयुष्यात पंख्याचा रेग्युलेटरसुद्धा बदलला नव्हता. नाना कधी काही म्हणाले नव्हते, पण शिकवलंही नव्हतं. काम करताना त्यांच्याशेजारी बॅटरी धरून आई बसायची. तिसऱ्याला जागाच नसायची. पतपेढीत तो दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या तपासायचा, आणि घरी काही बिघडलं की "नाना बघतील" म्हणून मोकळा व्हायचा. आज पहिल्यांदा तो वडिलांच्या जागेवर, वडिलांनीच अंथरलेल्या पेपरवर बसला. पेपरावरची तारीख मे महिन्यातली, त्या शनिवारच्याही आधीची होती.

आई बॅटरी घेऊन स्टुलावर बसली. गंधाली दारात कढीलिंब निवडत होती. अरुंधती आणि आत्या आत होत्या, पण गॅलरी ती केवढी; सगळं ऐकू येत होतं.

"वरचं ते काळं फिरकीसारखं हाये नं, ते काढ आधी," आई म्हणाली. "त्याच्याबिगर मोटार खाली येत न्हाई."

मुकुलने पक्कड लावून जोर केला. हललं नाही. पुन्हा केला.

"उलटं फिरव. त्याला उलटे आटे असतेत."

"तुला काय माहीत?"

"चाळीस वर्सं बॅटरी काय झोपून धरली का मी?"

उलटं फिरवल्यावर ते सहज निघालं. मुकुलला वाटलं, हे नानांना सांगावं, आईला सगळं येतं म्हणून. मग त्याने मान खाली घातली आणि मोटार हळूच बाहेर ओढली.

"आगं आई गं!" त्याने हात झटकला. बारीक तांबड्या मुंग्या त्याच्या मनगटापर्यंत चढल्या होत्या. गॅलरीच्या भिंतीतून त्यांची रांग थेट मिक्सरच्या पोटात जात होती.

"मुंग्या कशाला आल्या?" आईने बॅटरी जवळ नेली.

मोटारीच्या एका अंगाला तांबं स्वच्छ, घासून पुसलेलं चकाकत होतं. दुसऱ्या अंगाला काळपट तपकिरी थर होता, वाळून कडक झालेला. मुकुलने तो नखाने खरवडला, वास घेतला.

"गूळ हाये."

"गूळ?"

"नानांनी एक बाजू पुसली होती, बघ. हा कापूस." पेपरच्या कडेला कापसाचे बोळे पडले होते, तपकिरी, मुंग्यांनी भरलेले. शेजारी स्पिरिटची बाटली. "एक बाजू झाली, दुसरी राहिली."

त्याने पुडीतला नवा कार्बन काढला. बोटाच्या पेराएवढा काळा चौकोनी तुकडा, मागे स्प्रिंग. मग खाचेत अडकलेला जुना टोकरून बाहेर काढला. तो गुळात घट्ट रुतून बसला होता. पुसून त्याने दोन्ही तळहातावर शेजारी शेजारी ठेवले, आणि बराच वेळ बघत राहिला.

"आई, हा तर संपलाच न्हाई. थोडाच झिजलाय. नुसता चिकटून बसल्ता."

"दुसरा बघ."

दुसराही तसाच होता.

"ते तर म्हणले कार्बन संपलेत," आई म्हणाली. बॅटरीचा उजेड त्याच्या तळहातावरून हलला. "मशीनच्या बाबतीत ते कधी खोटं बोलले न्हाईत."

आत्या लसणाची ताटली तशीच घेऊन दारात आली होती. "मिक्सरात गूळ कुठून आला? का गं गंधाली, तुमच्याकडं अंबडला चटणीत गूळ घालतेत का?"

"ती चटणी झालीच कुठं होती?" मुकुल म्हणाला. "हिनं तर नुसतं बटण—"

"राहू द्या नं," गंधाली म्हणाली. तिने मान वर केली नाही. कढीलिंबाची पानं ती देठापासून ओढत होती, एकेक. "असंल आत्या. घातला असंल मी. आधी कधीतरी."

"बघा वहिनी. स्वतःच्या तोंडानं सांगून राह्यली."

आईने गंधालीकडे पाहिलं. बारा दिवसांत पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि त्या पाहण्यात माया नव्हती.

*

अरुंधती आत ओट्यापाशी उभी होती. तिला सगळं ऐकू आलं होतं.

नानांना कळलं होतं. हे तिला त्या शनिवारीच कळायला हवं होतं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं तेव्हा, दोषाचं बोलले तेव्हा. उघडल्या उघडल्या त्यांना गुळाचा वास आला असणार, आणि पोटात त्याच गुळाचं पन्हं होतं. ते कार्बन म्हणाले. आणि एकदा कार्बन म्हटल्यावर कार्बन आणायला जाणं भाग होतं, नाहीतर आईने विचारलं असतं. संध्याकाळी त्यांनी एकट्याने बसून, कुणाला न दाखवता, गूळ पुसायला घेतला. अर्धा पुसला.

बारा दिवस ती स्वतःला समजावत आली होती की डॉक्टरांनी सांगितलंय, उन्हाचा संबंध नाही. ते खरंही असेल. पण आत्याला अडवायला तिने डॉक्टर पुढे केला होता, स्वतःला नाही. आणि मघाशी, ताटाचं निघालं तेव्हा, ती "बघू" म्हणाली होती. ग्रंथालयात पुस्तक हरवलं तर मुलांना ती विचारायची, हरवलं की फाटलं? खरं सांगितलं तर दंड माफ. पोरं बहुधा खरं सांगत. तिला नेहमी वाटे, यात अवघड काय आहे.

आता तर सोपं होतं. गंधालीने ते स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. अरुंधती नुसती इथे उभी राहिली असती, तर मुकुलने उरलेला गूळ पुसला असता, नवे कार्बन बसवले असते, मिक्सर चालू झाला असता. उद्यापासून या घरात तेच खरं ठरलं असतं, की गंधालीने मिक्सरमध्ये गूळ घातला. पोराबाळांना सांगितलं गेलं असतं. अरुंधतीनेच उद्या ताट रांधून बाहेर नेलं असतं, आणि अंबडहून आलेल्या त्या कारकुनासमोरून नेलं असतं.

ती गॅलरीत आली. जागा नव्हती, आत्याला सरकावं लागलं.

"ये," आत्या म्हणाली, "तूच सांग आता हिला."

"आई," अरुंधती म्हणाली, "बॅटरी बंद कर आणि माझ्याकडं बघ."

आईने बॅटरी बंद केली नाही, पण पाहिलं. मुकुलच्या हातातला कार्बन तसाच राहिला. गंधालीची बोटं थांबली.

"तो गूळ माझा आहे. त्या सकाळी पन्हं मी छोट्या भांड्यात केलं. गळतं हे मला माहीत होतं. गळलं ते मी पाहिलं, वरून पुसलं आणि गप्प बसले. गंधालीनं नुसतं बटण दाबलं."

"अरू—" आत्या म्हणाली.

"थांबा आत्या. मी थांबले तर परत बोलता यायचं नाही." तिचा आवाज ग्रंथालयातल्यासारखाच खालचा होता. "नानांना उघडल्याबरोबर कळलं. माझं नाव निघू नये म्हणून ते कार्बन म्हणाले, आणि म्हणाले म्हणून आणायला गेले. मी नवा मिक्सर मागवते म्हणाले ना, ते त्यांची दगदग वाचावी म्हणून नाही. त्यांनी हा उघडू नये म्हणून. त्यानंतर बारा दिवस तुम्ही हिला बोललात आणि मी ऐकून घेतलं. हिला माहीत होतं, मला आत्ता कळतंय. तिनंही नाव घेतलं नाही माझं."

ती गंधालीकडे वळली.

"उद्याचं ताट तूच करायचंस. तुला चालणार असेल, तर मी तुझ्या हाताखाली राहीन. नसेल चालणार, तर तसं सगळ्यांसमोर सांग. मी ऐकून घेईन."